फुलोऱ्यातली फवारणी ही खासगी बाब नाही

केंद्रीय कृषी मंत्रालयाचे कृषी भवन दिल्लीत आहे आणि कीटकनाशकांची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय समितीचे कार्यालय राजधानीला लागून असलेल्या फरिदाबादमध्ये आहे. बुलढाण्यातल्या शेतकऱ्याला कांद्याच्या गोंड्यांवर कोणते औषध मारता येईल, हे मुळात याच टापूत ठरते. मधमाश्या वाढाव्यात म्हणून २०२० साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाचे ५०० कोटी रुपयेही याच कृषी मंत्रालयाच्या खात्यावरचे. मधपेटीला अनुदान देणारे आणि त्या पेटीतल्या माश्या मारू शकणाऱ्या रसायनाला परवाना देणारे मंत्रालय एकच आहे, तरी या दोन निर्णयांची एकमेकांशी गाठ पडत नाही. या विसंगतीचे मूळ एका समजुतीत आहे. फुलोऱ्यात काय फवारायचे हा ज्याच्या त्याच्या शेताचा प्रश्न आहे, असे आपण धरून चाललो आहोत. पण फवारा एकाच्या बांधाच्या आत पडतो आणि मधमाशी साऱ्या शिवाराची असते. म्हणून तिचे रक्षण एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या समजूतदारपणावर सोडता येणार नाही. त्यासाठी नियमच हवा.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कांदा बीजोत्पादनात. बुलढाणा-जालना पट्ट्यात अनेक शेतकरी बाजारात विकायला नव्हे, तर बियाण्यासाठी कांदा लावतात. हिवाळ्याच्या तोंडावर कंद लावले की थंडी सरता सरता दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे येतात. एकेका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलात आधी परागकण सांडतात आणि ते स्वीकारणारी कुक्षी तयार होते ती नंतर. त्यामुळे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग होत नाही, दुसऱ्या फुलाचे पराग कोणीतरी आणून द्यावे लागतात. हे काम कीटक करतात आणि त्यांत मधमाशीचा वाटा सर्वांत मोठा. संकरित बियाण्याच्या शेतात तर मादी ओळींना पराग नसतातच, तिथे माशी आली नाही तर दाणा धरतच नाही. अशा शेतात ऐन गोंडे उमललेले असताना फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल मारले, तर कीड हटते पण बीही हातचे जाते. खत, पाणी, मजुरी सगळे घालून झालेले असते आणि शेवटी मजूर लावून हाताने गोंड्यांवर गोंडे घासण्याची वेळ येते. मधमाशी चाऱ्यासाठी सहज दोन-तीन किलोमीटर फिरते. म्हणजे एका शेतात दाणा न भरण्याचे कारण तिसऱ्याच शेतातल्या फवारणीत असू शकते. ज्याने ती केली त्याला याची कल्पना नसते आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मागायला जागा नसते.

औषध वापरणाऱ्याला धोका कळावा म्हणून बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग सस्तन प्राण्यांना मारणाऱ्या मात्रेवरून, मुख्यतः उंदरांवरच्या चाचण्यांवरून ठरतो. माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण थायामेथोक्झामचे उदाहरण घ्या. निम्मे उंदीर मरायला दर किलो वजनामागे सुमारे दीड हजार मिलिग्रॅम थायामेथोक्झाम लागते. मधमाशीच्या पोटात ते अवघे पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाचपट गेले तरी तोच परिणाम होतो. माशीचे वजन १०० मिलिग्रॅम धरून हिशेब केला, तर वजनाच्या प्रमाणात ती उंदरापेक्षा सुमारे ३० हजार पट नाजूक ठरते. इमिडाक्लोप्रिडची घातक मात्रा तर चार नॅनोग्रॅमच्याही खाली आहे. माणसासाठी तुलनेने सौम्य असलेले औषध माशीसाठी जहाल असू शकते आणि त्रिकोणाच्या रंगातून ते कधीच कळत नाही. मधमाश्यांविषयीची सूचना असते ती घडी घालून खोक्यात सारलेल्या माहितीपत्रकावर, बारीक टायपात. कृषी सेवा केंद्रातून बाटली घेऊन थेट शेतावर जाणाऱ्याच्या नजरेला ती पडणे अवघड आहे.

माशी जागीच मरते तेव्हा नुकसान निदान डोळ्यांना दिसते. जिथे ती मरत नाही, तिथले नुकसान अधिक खोल असते. थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड ज्यात येतात, त्या निओनिकोटिनॉइड गटातली रसायने झाडाच्या रसात भिनतात, त्यामुळे बियाण्याला लावलेल्या औषधाचा अंश पुढे परागात आणि मकरंदातही उतरू शकतो. आपल्याकडे कपाशीचे बीटी बियाणे सर्रास अशा औषधाची प्रक्रिया करूनच विकले जाते. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर अतिसूक्ष्म चिप चिकटवून त्यांना थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा दिली, तेव्हा पोळ्याकडे न परतणाऱ्या माश्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. कोलकाता विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की पूर्व भारतातल्या कीटकनाशकांचा मोठा वापर असलेल्या शेतीपट्ट्यात देशी मधमाश्यांची गंध ओळखण्याची शक्ती मंदावते. फूल गंधाने शोधणाऱ्या आणि घर आठवणीने गाठणाऱ्या जिवाची हीच दोन साधने गेली, तर पोळे आतून रिकामे होत जाते. २०१७ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या १९८ मधांच्या नमुन्यांपैकी ७५ टक्क्यांत या गटातले किमान एक रसायन सापडले. या सगळ्या पुराव्यांचा विचार करून युरोपीय संघाने २०१३ मध्ये अशा तीन रसायनांवर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

यावर पहिला आक्षेप असा, की मधमाश्यांचे खरे शत्रू रोग आणि परजीवी आहेत. त्यात तथ्य आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या पेट्यांमधल्या सातेरी माश्यांच्या बहुतांश वसाहती संपवल्या आणि त्यात कीटकनाशकांचा हात नव्हता. व्हरोआ कोळी मेलिफेरा या युरोपीय जातीच्या माश्यांना जगभर छळतो आहे. २०१७ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि हंगेरीत निओनिकोटिनॉइडवर एकाच वेळी झालेल्या मोठ्या प्रयोगातही निष्कर्ष सारखे आले नाहीत. हंगेरीत आणि ब्रिटनमध्ये अपाय दिसला, जर्मनीत मेलिफेरा माश्यांवर तसा दिसला नाही. पण रोग आणि रसायन ही दोन वेगळी खाती नाहीत. इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की क्लोथियानिडिन या निओनिकोटिनॉइडमुळे माशीची प्रतिकारशक्ती दबते आणि तिच्या अंगातला पंख विकृत करणारा विषाणू फोफावतो. विषाणू रोखायला आपल्या हाती फारसे काही नाही, फवारणीची वेळ मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. कारणे अनेक असतील, तर जे आवरता येते ते आधी आवरावे, हे साधे शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. देशातले मधाचे उत्पादन सव्वा लाख टनांच्या पुढे गेले असताना मधमाश्या कमी झाल्या असे कसे म्हणायचे? पण हा आकडा मुख्यतः पेटीतल्या माश्यांचा, त्यातही मेलिफेराचा आहे. पेटी हे पशुधन आहे. एक वसाहत मेली की मधपाळ दुसरी विभागून तयार करतो किंवा विकत आणतो. त्याला तोटा होतो, पण पेट्यांच्या बेरजेत तो दिसत नाही. कड्यावर आणि उंच झाडांवर लटकणारे आग्या मोहोळ, झुडपातली फुलोरी, झाडाच्या ढोलीतली सातेरी, डंख नसलेल्या बारीक माश्या आणि एकेकट्या राहणाऱ्या असंख्य रानमाश्या यांना कोणी विकत आणून भरून काढत नाही आणि त्यांची देशव्यापी नियमित मोजणीही होत नाही. शेतातले परागीभवन मात्र मोठ्या प्रमाणात त्याच करतात. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांश पिके काही ना काही प्रमाणात अशा जिवांवर अवलंबून आहेत, असे जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१६ मध्ये नोंदवले आहे. मधाचे टन मोजून या सेवेचे मोजमाप होणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. औषध मारले नाही तर पीक हातचे जाते, मग त्याने काय करायचे? युरोपातल्या बंदीनंतर ब्रिटनमध्ये भुंगेऱ्यांमुळे रेप या तेलबियांच्या पिकाचे क्षेत्र घटले, ही वस्तुस्थिती लपवून चालणार नाही. म्हणूनच सरसकट बंदी ही माझी मागणी नाही. मागणी फुलोऱ्याच्या काळापुरती आणि मधमाशीसाठी सर्वांत घातक असलेल्या रसायनांपुरती आहे. दिल्लीभोवतीच्या हरियाणा-राजस्थानच्या मोहरीत हिवाळ्यात मधपाळ पेट्या घेऊन उतरतात आणि नेमका त्याच सुमारास पिकावर मावा येतो. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली तरच आणि माश्या पेटीत परतल्यावर, संध्याकाळीच फवारा, हा सल्ला कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे देत आले आहेत. पण सल्ला कागदावर ठेवून सारी जबाबदारी फवारणाऱ्यावर ढकलली की काय होते, हे २०१७ मध्ये यवतमाळने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे २० हून अधिक माणसे दगावली. सूचना तेव्हाही छापलेल्याच होत्या. जी पद्धत माणसाला वाचवू शकली नाही, ती माशीला वाचवील असे मानणे योग्य नाही.

उपाय कायद्याच्या चौकटीत बसणारे आहेत. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, तेव्हा अनेकांबाबत मधमाश्यांना असलेला धोका हेही एक कारण दिले होते. २०२३ च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिलवर बंदी आली, मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल बाहेर काढण्याचे ठरले आणि क्लोरपायरिफॉस, डायमेथोएटसारख्या काही औषधांचा ठरावीक पिकांवरचा वापर काढून घेतला गेला. औषध बाजारात ठेवूनही त्याचा एखादा वापर बंद करता येतो, हे या आदेशाने सिद्ध केले. तेच तत्त्व पुढे न्यावे आणि परागीभवनासाठी कीटकांवर विसंबलेल्या पिकांवर, फुलोऱ्याच्या काळात, मधमाशीला सर्वाधिक घातक असलेल्या रसायनांची मान्यता रद्द करावी. बाटलीवर त्रिकोणाच्या शेजारी मधमाशीचे ठळक चिन्ह सक्तीचे करावे. मधपाळांच्या नोंदणीसाठी २०२१ पासून ‘मधुक्रांती’ हे सरकारी पोर्टल आहे, त्याला पेट्यांच्या सध्याच्या जागेची जोड देऊन फवारणीआधी परिसरातल्या मधपाळांना फोनवर सूचना जाईल अशी व्यवस्था करावी. फवारणीने वसाहती मेल्या तर पंचनामा कोणी करायचा आणि नमुने कुठे पाठवायचे, हे ठरवून द्यावे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, रानमाश्यांच्या गणनेचे काम तिच्यासारख्या संस्थांकडे सोपवावे.

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. भोवतालच्या जंगलाने त्याला आधार दिला. कांदा, डाळिंब, मोहरी पिकवणाऱ्या गावांना असे जंगल नाही, त्यांच्या माश्यांना शेतातच जगावे लागते. म्हणून ज्या तालुक्यात पेट्यांना अनुदान मंजूर होईल, त्या तालुक्यातल्या मुख्य पिकांवर फुलोऱ्यात कोणती रसायने चालतात याची यादी कृषी मंत्रालयाने त्याच फाइलला जोडावी आणि घातक वापर थांबवल्याशिवाय पैसे सोडू नयेत. एवढा एक नियम केला, तरी एकाच मंत्रालयाचे दोन निर्णय पहिल्यांदा एकमेकांना विचारून घेतले जातील.