बोधिवृक्षाला कात्री कधी लावावी?



विहाराच्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मी अलगद काढून कुंडीत लावले. छाटणीसाठी कात्री घेतली, तशी आई म्हणाली, "अरे, बोधिवृक्ष कापतोस?"

मी म्हटले, "आई, संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदीच श्रीलंकेला नेली असं सांगतात. अनुराधपूरला तो वृक्ष आजही उभा आहे. कापण्यात पाप नाही, अवेळी कापण्यात चूक आहे."

बोन्सायच्या पुस्तकांत पाइनची वेळ दिलेली असते. जपानी काळ्या पाइनचे नवे कोंब जून-जुलैत खुडतात, फांद्या थंडीत छाटतात. ते गणित तिकडच्या हवेचे. आपल्या दमट म्हसळ्यात पाइन रमत नाही. आपला पिंपळच बरा.

कचेरीत ३१ मार्चला जमाखर्च बंद होतो. पिंपळही त्याच सुमारास जुनी पाने टाकून नवे खाते उघडतो. तांबूस पालवी फुटण्याच्या तोंडावर मोठी छाटणी करावी. पांढरा चीक ओल्या फडक्याने टिपावा. पावसाळ्यात वाढ जोरात असते. शेंड्याला पाच-सहा पाने आली की दोन ठेवून खुडावे. थंडीत झाड मंदावते, तेव्हा त्याला विश्रांती द्यावी.

३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरची असंख्य झाडे आडवी केली. म्हणून एक रोप कुंडीत ठेवाल, तर दुसरे मोकळ्या जागी, घरांपासून दूर लावा. त्याला मात्र कात्री नको.

जय भीम!