रापण बघायची आणि सुरमई खायची?




'फिशिंग ट्रिप आणि अस्सल मालवणी जेवण' असं पॅकेज हल्ली कोकणात जागोजागी विकलं जातं. कल्पना चांगली आहे. पण ट्रिपमध्ये दिसलेला मासा ताटात क्वचितच येतो, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

सिंधुदुर्गातल्या तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर रापण पाहायला गर्दी जमते. होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मोठा वळसा घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते आणि मग दोन्ही टोकांना रापणकर दोर ओढू लागतात. पर्यटकही हौसेने हात लावतात, फोटो काढतात. जाळ्यात पेडवे, तारली, बांगडे, सौंदाळे फडफडत असतात. तेवढ्यात भूक लागते. मंडळी खानावळीत जाऊन सुरमई थाळी मागवतात, आणि ती सुरमई बऱ्याचदा दुसऱ्याच बंदरातून बर्फात आलेली असते. ज्याच्या घामाचे फोटो काढले, त्याच्या पदरात या जेवणातला एक रुपयाही पडत नाही.

'गिऱ्हाईक सुरमई-पापलेटच मागतं,' असं खानावळवाले सांगतात. खोटं नाही. पण मेन्यूकार्डावर बारा महिने तीच नावं असतील, तर गिऱ्हाईक दुसरं काय मागणार? तिरफळं ठेचून घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि गरम भात समोर आला, तर मुंबई-पुण्याचा माणूस ताट परत पाठवील असं मला वाटत नाही.

ठरावीक माशांच्या या हट्टाचा भार समुद्रावरही पडतो. रुपेरी पापलेटला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडण्यास मनाई आहे. पण ताटात अख्खं मावणारं लहान पापलेट हवं, अशी मागणी थाळीवाल्यांकडून होत राहिली, तर कागदावरचा नियम बंदरावर कसा टिकणार?

पावसाळ्याचंही तेच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, तरी ताज्या पापलेटाचे फलक उतरत नाहीत. खरं तर हे दिवस खाडीतल्या गरीच्या माशांचे, सुक्या बांगड्याचे, सोड्यांचे आणि जवळ्याच्या चटणीचे. कोकणातल्या घरांत आषाढात हेच शिजतं. 'आज दर्याचा मासा नाही' असं सांगण्यात कमीपणा कसला?

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला. आता तिथल्या पर्यटन व्यावसायिकांनी तीन गोष्टी कराव्यात. ट्रिपच्या दरात रापणकरांचा वाटा आधीच ठरवून तो रोख द्यावा. छापील मेन्यूऐवजी त्या दिवशीच्या मासळीची नावं आणि भाव खडूने फळ्यावर लिहावेत. आणि मासा कुठल्या बंदरातला, हे विचारल्यावर खरं सांगावं. यासाठी नवा कायदा नको की अनुदान नको. सरकारी न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करताना एवढ्या अटी घातल्या तरी सुरुवात होईल. पर्यटकांनीही थाळी मागवण्याआधी 'आज जाळ्यात काय आलं?' एवढं विचारावं. उत्तर देता येत नसेल, तर शेजारची खानावळ गाठावी.

– एक वाचक, कुडाळ