बुकिंगआधी बॅटरीचे दोन आकडे लेखी मागा

दसऱ्याला किंवा पाडव्याला इलेक्ट्रिक गाडी दारात आणायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना कळकळीची विनंती आहे. बुकिंगची रक्कम भरण्याआधी शोरूममध्ये एक प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. या गाडीत बसवलेली बॅटरी किती युनिटांची आहे, आणि त्यातली किती युनिटं मला वापरायला मिळणार आहेत? माहितीपत्रकात ज्याला किलोवॅट-अवर म्हणतात, तेच आपल्या वीजबिलावरचं युनिट. सेल्समन रेंजचा आकडा सांगून विषय बदलेल. त्याला बदलू देऊ नका.

थोडा फरक तर बहुतेक गाड्यांत असतोच. लिथियमच्या सेलला पार रिकामं होणं सोसत नाही आणि काठोकाठ भरून राहणंही सोसत नाही, म्हणून कंपन्या वर-खाली थोडी जागा राखून ठेवतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठी बॅटरी घालायची, सॉफ्टवेअरचं कुलूप लावून तिचा एक हिस्सा बंद ठेवायचा, गाडी स्वस्तातलं मॉडेल म्हणून विकायची आणि पुढे पैसे घेऊन तोच हिस्सा उघडून द्यायचा, ही निराळी गोष्ट आहे. त्यासाठी ना मेकॅनिक लागतो ना पाना. कंपनीकडून हुकूम सुटला की रेंज वाढते. हुकूम उलटा सुटला तर घटतेही.

याचे धडे टेस्लाने घालून दिले आहेत. 2013 मध्ये 40 युनिटांची मॉडेल एस फक्त 4 टक्के ग्राहकांनी मागवली. तेवढ्यांसाठी वेगळी बॅटरी बनवणं परवडेना, म्हणून कंपनीने 60 युनिटांचीच बॅटरी बसवली आणि 40 पुरती उघडी ठेवली. 2016 मध्ये 75 युनिटांची बॅटरी असलेली गाडी 60 ची म्हणून विकली. उरलेली युनिटं नंतर उघडायची तर सुरुवातीला 9,000 डॉलरच्या आसपास मोजावे लागत. पुढच्याच वर्षी हाच दर 2,000 डॉलरवर आला. सेल तेच आणि काम तेच असताना दर एवढा कोसळतो, यावरून तो कशाचा दर होता ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर आलं. लाखो लोकांना घरं सोडायचे आदेश निघाले आणि रस्ते तुंबले. तेव्हा टेस्लाने त्या भागातल्या कुलूपबंद गाड्यांची पूर्ण क्षमता दूरवरूनच उघडून दिली, 16 सप्टेंबरपर्यंत. कंपनीचं कौतुक झालं, आणि ते रास्तही होतं. पण त्या बातमीची दुसरी बाजू पाहा. वादळापुढे पळणारा माणूस जी वीज साठवू शकत होता ती जागा त्याच्याच सीटखाली होती, आणि ती त्याला मिळणार की नाही हे कॅलिफोर्नियातलं एक ऑफिस ठरवत होतं. मुदत संपल्यावर कुलूप पुन्हा लागलं.

हा जुना इतिहास आहे असंही नाही. मे 2024 मध्ये इलॉन मस्क यांनीच सांगितलं की मॉडेल वायच्या स्वस्त आवृत्तीच्या काही गाड्यांत 40 ते 60 मैलांची जादा रेंज आहे आणि ती 1,500 ते 2,000 डॉलरला उघडून मिळू शकेल.

खरं सांगायचं तर मुळात कुलूप मला तेवढं खटकत नाही. कमी पैशात कमी रेंज हा सरळ सौदा आहे. उलट अशा गाडीचा काटा 100 टक्क्यांवर गेला तरी सेल खरे पूर्ण भरलेले नसतात, म्हणून ते जास्त टिकतात. ओझं मात्र तुमच्या माथी येतं. 15 बंद युनिटं म्हणजे ढोबळमानाने शंभरेक किलो, तीही रोज वाहून न्यायची. हे सगळं आधी सांगितलेलं असेल तर ग्राहक हिशेब करील आणि पटलं तर घेईल. सांगितलेलं नसेल तर त्याला फसवणूक म्हणावं लागेल.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालावं. 2022 मध्ये अमेरिकेत एक मॉडेल एस तिसऱ्या मालकाकडे गेली. मूळची ती 60 ची. बॅटरी बिघडल्यावर 90 ची बसवली गेली होती आणि ती पूर्ण उघडी होती. नव्या मालकाने पैसे मोजले ते 90 चे. पुढे एका कामानंतर टेस्लाने ती दूरवरून पुन्हा 60 वर आणली आणि उघडायचे 4,500 डॉलर मागितले. बोभाटा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. न्यू जर्सीत किंवा बे एरियात जुनी टेस्ला बघत असलेल्या आपल्या पोरांना हे जरूर कळवा. 2019 चा अपडेटही असाच: मॉडेल एसच्या काही गाड्यांचं कमाल व्होल्टेज उतरवलं गेलं, रेंज घटली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2021 मध्ये 15 लाख डॉलरची तडजोड झाली. 1,743 गाड्या होत्या. बहुतेक मालकांच्या हाती 625 डॉलर आले.

आपल्याकडे काय? टियागो ईव्हीची 19.2 आणि 24 युनिटांची मॉडेलं खरोखरच वेगळ्या बॅटऱ्यांची आहेत. पण वारं कुठे वाहतंय ते दिसतं. सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर आली ती 9.99 लाख अधिक बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये, अशा बोलीवर. आणि स्कूटरवाल्यांनी सॉफ्टवेअर वेगळं विकून दाखवलंच आहे. फेम-2 योजनेची सबसिडी दीड लाखाच्या आतल्या दुचाकींना होती, म्हणून काही कंपन्यांनी चार्जर आणि सॉफ्टवेअरचे पैसे किमतीबाहेर लावले. सरकारने बडगा उगारल्यावर 2023 मध्ये ओला, एथर, टीव्हीएस आणि हिरोच्या विडाला ग्राहकांचे पैसे परत करायचं कबूल करावं लागलं.

सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिना आणि लिफ्टही विकत घेतलेल्या या राज्याला हा खेळ समजावून सांगायला नको. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया कागदावर आणला. गाडीच्या बॅटरीचाही तसाच आणला पाहिजे. बसवलेली युनिटं आणि वापरता येणारी युनिटं हे दोन्ही आकडे माहितीपत्रकावर आणि इनव्हॉइसवर छापणं सक्तीचं करा, ही मागणी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे आणि राज्याच्या परिवहन विभागाकडे आत्ताच जायला हवी. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणात या गाड्यांना कर आणि टोलमध्ये सवलत आहे. ती सवलत तुमच्या-माझ्या खिशातून जाते, तेव्हा विचारायचा हक्कही आपलाच.

कायदा बदलेपर्यंत आपली कागदपत्रं आपणच सांभाळायची. शोरूमला ईमेल करा. कुलूप असेल तर उघडायचा दर काय, तो दर किती काळ टिकेल, गाडी विकल्यावर उघडलेली क्षमता गाडीबरोबर जाईल की तुमच्या खात्याशी बांधलेली राहील, आणि अपडेटने ती कमी झाली तर भरपाई कोण देईल, हे त्यात स्पष्ट विचारा. दोन मॉडेलांची रेंज वेगळी पण वजन सारखंच दिसलं तर शंका घ्या. बाहेरच्या कुणाकडून कुलूप तोडून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका; वॉरंटी तर जाईलच, शिवाय बॅटरीला सांभाळणाऱ्या यंत्रणेशी केलेली छेडछाड आगीला निमंत्रण देऊ शकते.

मालाचं प्रमाण आणि किंमत जाणून घेणं हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. उत्तर टाळलं गेलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून शोरूमचा तो ईमेल, माहितीपत्रक आणि डिलिव्हरीच्या दिवशी पूर्ण चार्जवर दिसलेल्या रेंजचा फोटो जपून ठेवा.