आधी रेघ, मग कैफियत
चित्रपात्राची कैफियत आधी लेखी मांडून, तिला वरिष्ठांची मंजुरी मिळाल्यावाचून पेन्सिलीस हात लावू न देण्याचा जो शिरस्ता ॲनिमेशनच्या धंद्यात पुष्कळ ठिकाणी दिसतो, तो आम्हांस उफराटा वाटतो. नेत्रविकारापायी चित्रकार होण्याची आशा सोडून जिनिव्हात शाळा चालविणाऱ्या आणि फावल्या वेळात चित्रकथा रेखाटणाऱ्या रोडॉल्फ टॉपफर यांनी १८४५ च्या आपल्या मुखचर्याविषयक निबंधात दाखविले आहे, की कागदावर उमटलेला चेहरा, मग तो कितीही वेडावाकडा असो, भावशून्य राहूच शकत नाही. हनुवटी केसभर मागे सरली, की शहाण्याचा बावळट होतो. असली किमया कोणत्या ठरावाने साधणार? पाचपन्नास चेहरे निर्हेतुक गिरबटावेत, चुकून ओघळलेल्या शाईस नाकाचा शेंडा होऊ द्यावे, आणि त्या नाकाच्या धन्यासच त्याचे नावगाव पुसावे. मंजुरीचे कागद मागाहून खुशाल रंगवावेत.