सही एकदाच, नकार मात्र रोज

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या वस्तीतील एक बाई मुलीला घेऊन घरी आल्या. 'जयभीम, भाऊ. एवढं इंग्रजी वाचून सांगा. पोरीला घरबसल्या काम मिळतंय,' म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला. मुलगी बारावी पास, बाप अंथरुणाला खिळलेला. रात्री कॅमेऱ्यासमोर बसायचे, अनोळखी माणसे बघतील, पैसे पाठवतील, असे ते काम.

आम्ही पडलो कारकून. करारनामा दिसला की आधी बारीक अक्षरे वाचतो. खाते कंपनीच्या ताब्यात. चित्रफितींवर कायमचा हक्क कंपनीचा. कार्यक्रम 'ग्राहकाच्या मागणीप्रमाणे'. गैरहजर राहिल्यास दंड. मजुरीचा आकडा मात्र कुठेच नाही. शेवटी एक चौकोन, 'मला मान्य आहे'. ग्राहकाची मागणी म्हणजे काय, हे आईला कळले नाही. मुलीला कळले होते. तिने मान खाली घातली.

हा धंदा जगभर पसरला आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात त्याने मोठे बस्तान बसवले आहे. तेथे स्टुडिओ म्हणजे छोट्या छोट्या खोल्या. खोलीत एक पलंग, एक संगणक, एक कॅमेरा. त्यासमोर बहुतेक बाया, काही पुरुष व तृतीयपंथीही, कपडे उतरवून लैंगिक चाळे करून दाखवतात. बघणारे युरोप-अमेरिकेत घरी बसून पैसे मोजतात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने बोगोटा, मेडेयिन, काली व पाल्मिरा या शहरांतील सुमारे ५० कामगारांशी बोलून डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. ढेकूण-झुरळांच्या खोल्या, बुडवलेली मजुरी, जेवायला किंवा लघवीला उठल्याबद्दल दंड, अशी त्यांची गाऱ्हाणी आहेत.

वाचकहो, आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आधी हिशेब मांडतो. अहवालानुसार बघणाऱ्याने दिलेल्या पैशांतून संकेतस्थळ ५० ते ६५ टक्के कापून घेते. उरलेल्यातून स्टुडिओ ७० टक्क्यांपर्यंत उचलतो. म्हणजे बघणाऱ्याने १०० रुपये दिले, तर संकेतस्थळ सोडते ३५ ते ५०. त्यातून स्टुडिओने ७० टक्के घेतले की बाईच्या हाती येतात साडेदहा ते पंधरा रुपये. शरीर तिचे, लाज तिची, बदनामीची भीतीही तिचीच. उरलेले किमान पंच्याऐंशी ज्यांच्या खिशात गेले, त्यांचे तोंड कधी पडद्यावर दिसत नाही.

आता संमतीकडे येऊ. 'तिने सही केली होती ना? मग तक्रार कसली?' असे आमच्या कचेरीतही कोणीतरी म्हणतेच. पण कोलंबियात काय घडते ते पाहा. संकेतस्थळाच्या अटी अनेकींना कधी वाचायलाच मिळाल्या नाहीत. खाते स्टुडिओच्या हातात. ग्राहकाला काय करून दाखवायचे ते स्टुडिओचा माणूस परस्पर कबूल करतो, आणि मग बाईवर दडपण येते. एखादी सोडून गेली, तरी तिचे खाते तिच्या हाती येत नाही. ते दुसरीला वापरायला दिले जाते. वयाची पडताळणी आधीच झालेली असल्याने अशाच खात्यावर अल्पवयीन मुलीला बसवल्याचेही प्रकार सांगितले गेले. सही एकदा घेतली, पण नकार द्यायची सोय रोज लागते. ती जिथे नाही, तिथे पहिल्या दिवसाची संमती दुसऱ्या दिवशी शिळी होते. अहवालाच्या नावाचाच अर्थ आहे 'नाही म्हणायला मी शिकले'.

हे आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या पुस्तिकेत हाच प्रश्न मांडला होता. बेकार माणसापुढे कसलीतरी नोकरी ठेवली, मजुरी कसलीही, कामाचे तास ठरलेले नाहीत आणि संघटनेत जायला बंदी, तर तो काय निवडेल? नोकरीच निवडेल, दुसरे काय करील? भुकेने केलेल्या निवडीला ते स्वातंत्र्य म्हणायला तयार नव्हते. दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरले. गरिबीपोटी माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबत असेल, तर तीही घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच होय.

यावर काहीजण म्हणतील, असल्या बायांना सरळ हाकलून द्या. आम्हाला ते पटत नाही. त्या अहवालाची मागणीही धंद्याला टाळे ठोकण्याची नाही, तर कामगार कायदे लागू करण्याची आहे. २०२१ साली कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने, गरोदर राहिली म्हणून काढून टाकलेल्या अशा एका बाईला न्याय दिला. ती स्टुडिओची कामगारच होती, असे ठरवले. कामाची लाज धरून हक्क नाकारले, तर फायदा मालकाचाच होतो.

आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. उघड लैंगिक दृश्ये इंटरनेटवर टाकणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-अ कलमाखाली गुन्हा आहे. फसलेली मुलगी पोलिसांत जायला घाबरेल, हे मालकाला ठाऊक असते. पण कायद्यात दुसरीही बाजू आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, स्त्रीने खासगी कृतीचे चित्रण करू दिले, पण ते इतरांत पसरवायला संमती दिली नाही, तर पसरवणारा गुन्हेगार. म्हणजे कायद्यालाही एक 'हो' सगळ्यासाठी पुरत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. चित्रफीत पसरवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, जपून ठेवा.

आम्ही त्या मुलीला उपदेश केला नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले. खाते कोणाच्या नावावर? शंभरातले माझे किती? मधेच 'नाही' म्हटले तर काय? सोडून गेले तर माझ्या चित्रफितींचे काय? तिने स्वतः फोन लावून विचारले. पलीकडचा माणूस म्हणाला, 'ताई, एवढे प्रश्न असतील तर राहू द्या.' तिने चौकोनावर बोट ठेवले नाही.

पण घरभाडे आणि बापाचे औषध तसेच उभे आहे. 'भाऊ, मग आता काय?' असे आईने विचारले, तेव्हा आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. वस्तीतील चौघांनी मिळून दोन महिन्यांचे औषध उचलले आहे, आणि एका दुकानात हिशेब लिहायच्या जागेसाठी शब्द टाकला आहे. मुलगी संध्याकाळी आमच्याकडे खतावणी शिकायला येते. आपल्या लेकीबाळींच्या 'नाही'ला बळ हवे असेल, तर त्यांच्या हाती दुसरे काम द्यावे लागेल. ते वस्तीचे काम आहे, एकट्या आईचे नव्हे. आपल्या विहारात असा मोबाईल घेऊन कोणी आली, तर तिच्या चारित्र्याची चौकशी करू नका. आधी कागद वाचून द्या.

जयभीम!