गाडी उचलायची की गतिरोधक खाली आणायचा? जमिनीला टेकलेल्या ‘हॉट रॉड’च्या ग्राउंड क्लिअरन्सचे गणित

मुखेड : लग्नसराईत वरातीपुढे जमिनीला टेकलेली, चकचकीत रंगवलेली जुनी गाडी दिसली की लगेच मोबाइल बाहेर निघतात. कापलेल्या स्प्रिंग, रुंद अलॉय, पातळ टायर आणि मागे जाडजूड सायलेन्सर. फोटोत गाडी भारी दिसते. वरात पुढे सरकते आणि पहिल्याच गतिरोधकावर खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. मग आतले चौघे उतरतात, एक जण वाकून खाली बघतो आणि गाडी तिरपी करत कशीबशी पलीकडे नेली जाते.

असे दोन-तीनदा झाले की मालक गॅरेज गाठतो आणि म्हणतो, ‘थोडी वर उचलून द्या.’ स्वस्तातला उपाय तयारच असतो. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबर ठोकायचे आणि काम झाले. पण गाडीची उंची गेली कुठे, ती परत आणायची कशी आणि मुळात सगळा दोष गाडीचाच आहे का, हे तीन प्रश्न बाजूलाच राहतात.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे नेमके काय?

सपाट जमीन आणि चाकांच्या मधला गाडीचा सर्वात खालचा भाग यांच्यातील अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. सध्याच्या मारुती स्विफ्टमध्ये ते १६३ मिलिमीटर, तर महिंद्रा थारमध्ये २२६ मिलिमीटर आहे. माहितीपत्रकातला हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडी, विशेषतः मागून, आणखी खाली बसते.

खाली बसवलेल्या गाडीत आधी घासतो तो सायलेन्सरचा पाइप किंवा इंजिनखालचे ऑइलचे भांडे, म्हणजे चेंबर. पाइप घासला तर आवाज येतो आणि खर्च थोडक्यात आटोपतो. चेंबरला तडा गेला तर ऑइल रस्त्यावर सांडते. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही गाडी तशीच हाकली, तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. दोन इंच खाली बसवण्याची हौस थेट इंजिनच्या कामापर्यंत जाते ती अशी.

मग हॉट रॉड खाली बसवतातच का?

हॉट रॉड हा प्रकार अमेरिकेतला. १९३० आणि ४०च्या दशकांत कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, अनावश्यक पत्रा काढून टाकत आणि इंजिनची ताकद वाढवत. शर्यती होत त्या म्युरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तलावांच्या तळावर. ही जमीन मैलोन्मैल सपाट. गाडी जितकी खाली, तितका तिचा गुरुत्वमध्य खाली आणि वेगात ती तितकी स्थिर. तिथे गतिरोधक नव्हते, खड्डे नव्हते.

मुखेड तालुक्यातला रस्ता काळ्या मातीवरून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यात कुठे पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला चर, तर कुठे डांबराची कड तुटून खाली गेलेली साइडपट्टी. नांदेड, देगलूर किंवा उदगीरकडे जाताना मूळ उंचीची गाडीही सांभाळून न्यावी लागते. कोरड्या तलावासाठी शोधलेली उंची इथे जशीच्या तशी चालणार नाही.

उंची जाते कुठे?

पहिली जागा म्हणजे टायर. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला येणारा १६५/८० आर १४ हा टायर घ्या. त्याचा व्यास होतो सुमारे ६२० मिलिमीटर. हौसेने १५ इंची अलॉय घालून १९५/५० आर १५ बसवला, तर व्यास भरतो ५७६ मिलिमीटर. रिम मोठी झाली, पण चाक ४४ मिलिमीटरने लहान झाले. त्यातली निम्मी घट, म्हणजे २२ मिलिमीटर, थेट ग्राउंड क्लिअरन्समधून जाते. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवत असताना खरा वेग सुमारे ५६ असतो आणि किलोमीटरही फुगून नोंदले जातात.

दुसरी जागा स्प्रिंग. ग्राइंडरने दोन वेढे कापले की गाडी बसते. पण कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लटकले की ती आपल्या बैठकीतून सुटू शकते. शॉक ॲब्सॉर्बर मात्र मूळ स्प्रिंगच्या हिशेबाने बनवलेला असतो. त्याला खाली जायला पुरेशी जागाच उरत नाही आणि तो लवकर बसतो.

अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनीसारख्या जुन्या गाडीवर हॉट रॉड बांधली असेल तर मागे पाटे असतात. तिथे गाडी बसवताना एखादा पाटा काढलेला असतो किंवा पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घातलेला असतो.

परत आणायची कशी?

सुरुवात मोजमापाने करावी. गाडी सपाट फरशीवर उभी करून, टायरमध्ये योग्य हवा भरून, नेहमीइतकी माणसे बसवून खालचा प्रत्येक भाग टेपने मोजावा. सर्वात खाली फक्त सायलेन्सरचा जोड असेल तर सस्पेन्शनला हात लावायचे कारणच नाही. पाइप नव्याने वाकवून बोगद्यातून वर घेतला आणि थकलेले हँगर रबर बदलले, तर तिथेच दोन-तीन सेंटिमीटर मिळू शकतात.

दुसरी पायरी मूळ व्यासाच्या टायरची. वरच्या उदाहरणातले २२ मिलिमीटर इथे परत येतात. तिसरी पायरी स्प्रिंगची. कापलेली स्प्रिंग वेल्डिंग करून जोडण्याचा विचारही करू नये. ते पोलाद उष्णता देऊन, विझवून मुरवलेले असते. वेल्डिंगच्या जागी ते ठिसूळ होते आणि तिथेच तुटते. कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरची जोडी बसवावी. पाट्यांच्या गाडीत काढलेला पाटा परत घालता येतो आणि सपाट झालेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन मिळते. जीप, टेम्पोचे हे काम करणारे कारागीर मराठवाड्यात आजही आहेत.

चौथी पायरी इंजिन गार्डची. चेंबरखाली पोलादी पत्रा बसवला की उंची थोडी कमीच होते, पण घासला तर पत्रा घासतो, चेंबर वाचतो. महागड्या सुपरकारमध्ये बटण दाबले की गाडीचे नाक काही सेंटिमीटर वर उचलले जाते. हॉट रॉडवर एअर सस्पेन्शन लावून तसेच करता येते. मात्र ते खर्चिक असते आणि कायद्याच्या कसोटीवरही तपासावे लागते.

रबर आणि स्पेसरने काय बिघडते?

स्प्रिंगमध्ये अडकवलेले रबर तेवढे वेढे काम करण्यापासून रोखते. ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो, गाडी उसळते आणि कालांतराने स्प्रिंग तुटू शकते. जाड स्पेसर घातला की पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन वाढतो, जोड लवकर झिजतात, अलाइनमेंट बिघडते आणि वळणावर गाडी जास्त कलते. रबर स्वस्त असते. त्यामागून येणारी कामे तशी नसतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो तो वेगळाच. म्हणूनच गाडी मूळ मापावर परत नेणे हाच सर्वात सरळ मार्ग आहे. मोठा बदल करायचाच असेल तर आधी नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे, नंतर ग्राइंडर हाती घ्यावा.

आता गतिरोधकाचे माप

गाडीसाठी माप ठरलेले आहे, तसे गतिरोधकासाठीही आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, असा त्याचा हिशेब आहे. त्यावर पांढरे-काळे पट्टे हवेत आणि आधी सूचना फलक हवा.

या मापाचा गतिरोधक आणि २.४५ मीटर व्हीलबेसची गाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढे अंतर असलेली, डोळ्यांसमोर आणा. गाडी बरोबर मध्ये असताना चारही चाके गतिरोधकाच्या उतारावरच असतात. त्यामुळे मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. पुढचा बंपर चाकापासून ८० सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याला सुमारे ६८ मिलिमीटर उंची पुरते. चालत्या गाडीचे नाक दबते, त्यासाठी थोडी जागा राखावी लागते. तरीही १०० मिलिमीटर उंचीची, बऱ्यापैकी खाली बसवलेली हॉट रॉड हळू नेली तर न घासता पार होते.

आता एका रात्रीत मुरूम-सिमेंट टाकून घातलेला गतिरोधक घ्या. रुंदी एक मीटर, उंची २० सेंटिमीटर. दोन्ही चाके त्याच्या दोन बाजूंना सपाट रस्त्यावर आणि मध्ये २०० मिलिमीटरचा बांध. इथे कालच शोरूममधून आणलेली १६३ मिलिमीटरची स्विफ्टही घासणार. घासू नये म्हणून माणसे उतरवली तरी उपयोग नाही. थार तेवढी निसटेल, तीही २६ मिलिमीटरने.

हौशी तरुणाने स्प्रिंग कापली तर दंडाचे कलम आहे. गतिरोधक घालणाऱ्याने दुप्पट उंची घातली तर त्याच्याकडे टेप घेऊन कोण जातो? अशा बांधाचा फटका फक्त लो-रायडरला बसत नाही. अंधारात न दिसणाऱ्या बांधावरून दुचाकीस्वार उडतो, रुग्णवाहिकेतला रुग्ण आदळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१५ या एका वर्षात देशात गतिरोधकांशी संबंधित ११,०८४ अपघात झाले आणि ३,४०९ जणांचा जीव गेला.

गावकरी बांध घालतात त्यामागे कारण असते. शाळेसमोरून वाहने सुसाट जातात, एखादे लेकरू दगावते आणि त्यानंतर अर्ज करून थांबायला कुणी तयार नसते. म्हणून गतिरोधक काढा, अशी मागणी चुकीची ठरेल. मागणी हवी ती मापाच्या गतिरोधकाची. ३.७ मीटरचा गतिरोधकही वेग २५ वर आणतो आणि गाडीचे चेंबर फोडत नाही.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने आपापल्या रस्त्यांवरचे गतिरोधक एकदा मोजावेत, उंची-रुंदीची यादी लावावी आणि मापाबाहेरचे पावसाळ्याआधी दुरुस्त करावेत. नागरिकांनीही अर्जात ‘गतिरोधक त्रासदायक आहे’ एवढेच न लिहिता माप आणि फोटो जोडावा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी ‘मेरी सडक’ अ‍ॅपवर तक्रार करता येते.

हॉट रॉडच्या मालकाने टायर, स्प्रिंग आणि पाइप मापात आणावेत, ही त्याची जबाबदारी. तेवढे करून तो निघाला आणि तरीही गाडी खालून घासली, तर टेप त्या बांधावर धरायला हवा.