डोंगर तोच, ऊन तेच. मग द्राक्षवाला भिकेला लागला कसा?



कोरडवाहू शेतकऱ्याकडून लहानपणापासून एक पाढा घोकून घेतला जातो. तुझी जमीन हलकी, तुझा पाऊस लहरी, तुझे बियाणे जुने, तू अडाणी आणि वर आळशी. म्हणून तू गरीब. हा पाढा इतक्या वेळा कानावर पडतो की शेवटी आपणच तो म्हणू लागतो. बैठकीत भावाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून कुणीतरी उसासा टाकतो, "आपली जमीनच बरड, त्याला कोण काय करणार?"

त्या उसाशाला उत्तर म्हणून आम्ही या वेळी दूरदेशीची हकीकत सांगणार आहोत. ही हकीकत जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातली आहे. तिथे कापूस नाही, ज्वारी नाही. तिथे द्राक्ष आहे आणि द्राक्षाची वाइन आहे. दारूचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. कौतुक दारूचे नाही. आपला कापूस जसा घरात खाऊन संपत नाही, तशी त्यांची वाइनही संपत नाही. दोन्ही माल बाजारात नेल्यावाचून गत्यंतर नाही, आणि बाजारात नेला की भाव दुसराच कुणी ठरवतो. म्हणून ही हकीकत आपल्या कामाची.

मुरूम बरा म्हणावा अशी जमीन

मोझेल नदी फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगवते आणि सुमारे ५४४ किलोमीटर वाहून कोब्लेंझ शहरापाशी ऱ्हाइनला मिळते. ट्रियर शहर ओलांडले की एका बाजूला आयफेल आणि दुसऱ्या बाजूला हुन्सऱ्युक अशा दोन डोंगरी मुलखांच्या मधून ती साप चालावा तशी वळणे घेत जाते. सार आणि रुवर या तिच्या दोन उपनद्या. या तिन्ही नद्यांच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत.

उतार म्हणजे केवढा? ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा डोंगर आहे. त्याची चढण ६५ अंशांच्या आसपास आहे. भिंतीला शिडी टेकवावी तसा तो उभा आहे. तिथे बैल चढत नाही, ट्रॅक्टर चढत नाही. आता काही मळ्यांतून एका रुळावर चालणारी छोटी गाडी माणसे आणि माल वर नेते. पूर्वी सगळे ओझे पाठीवर असे. पावसाने माती आणि दगड खाली वाहून आले की टोपल्यांत भरून पुन्हा वर वाहायचे. बापाने वाहिले, मुलाने वाहिले, नातवाने वाहिले.

आणि माती कसली? शाळेत ज्या दगडाच्या पाटीवर आपण मुळाक्षरे गिरवली, तोच हा दगड. त्या पाटीच्या दगडाचे तुकडे पसरावेत अशी ती जमीन. ज्वारीचे बी टाकले तर कणीस दिसायचे नाही. त्यात हा मुलूख पृथ्वीच्या ५० व्या अक्षांशाजवळचा. सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. वसंतात कडाक्याची थंडी कोंब जाळते, काढणीच्या वेळी पाऊस घड कुजवतो.

तरीही तिथे द्राक्ष पिकते. का पिकते ते नीट समजून घ्या. तिरपे ऊन सपाट रानावर पसरून पातळ होते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या उतारावर तेच ऊन थेट अंगावर पडते. काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. खालून नदीचे पाणी ऊन परतवते आणि थंडीची धार बोथट करते. वेलाची मुळे दगडाच्या भेगांतून खोल जाऊन ओल शोधतात, आणि वरचे दगड ती ओल झाकून धरतात. प्रत्येक वेलाला स्वतंत्र खांब. त्याच्या काड्या वाकवून खांबाला बांधायच्या. रीसलिंग नावाची उशिरा पिकणारी जात त्या थंडीत सावकाश पिकते आणि तिला जी चव येते ती सपाट, सुपीक रानात येत नाही.

म्हणजे ज्याला पाटील-तलाठी पोटखराबा म्हणतील, त्याच दगडाला तिथल्या शेतकऱ्याने पिकाचा गुण बनवले. हे आजचे नाही. पीसपोर्ट गावात १९८५ साली रोमन काळातले द्राक्षे तुडवायचे दगडी हौद सापडले. दीड हजार वर्षांहून जुनी ही शेती आहे. असा शेतकरी अडाणी म्हणायचा काय? आळशी म्हणायचा काय?

दोष कुणाचा? शेतकऱ्याचाच!

आता या कष्टाळू, हुशार शेतकऱ्याचे काय झाले ते ऐका.

१८१५ साली हा मुलूख प्रशियाच्या राजाकडे गेला. बाहेरच्या मालावर जकात बसली. मोझेलच्या वाइनला प्रशियाची बाजारपेठ जवळजवळ राखून मिळाली, भाव चढले, लोकांनी कर्ज काढून नवे मळे लावले. मग १८२८ पासून प्रशियाने शेजारच्या जर्मन राज्यांशी जकातीचे करार केले आणि १८३४ साली मोठा जकात संघ उभा राहिला. दक्षिणेकडची, सपाट रानात स्वस्तात पिकणारी वाइन मोकळेपणाने आत आली. मोझेलचा भाव कोसळला. कर्ज मात्र कोसळले नाही, सारा कोसळला नाही. मळे लिलावात निघाले. कित्येक कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली.

शेतकऱ्यांच्या संस्थेने सरकारकडे अर्ज केला: साऱ्यासाठी धरलेले आमचे उत्पन्न खरे नाही, आमच्या हातात काही उरत नाही. सरकारने अर्ज तपासायला दिला तो सारा आकारणी खात्यातल्याच अधिकाऱ्याकडे! आपल्याकडे आणेवारी जो काढतो त्यालाच ती चूक की बरोबर विचारावे, तशातला हा प्रकार. उत्तर ठरलेलेच होते. तक्रार फुगवलेली आहे, शेतकऱ्यांनी वारेमाप लागवड केली, चांगल्या दिवसांत उधळपट्टी केली, जमिनीचे तुकडे पाडले. सगळे दोष अर्जदाराचे.

हा अन्याय एका चोवीस वर्षांच्या संपादकाने चव्हाट्यावर आणला. त्याचे नाव कार्ल मार्क्स. ट्रियर हे त्याचे जन्मगाव. रुवरकाठी त्याच्या वडिलांच्या मालकीचा थोडा द्राक्षमळाही होता. जानेवारी १८४३ मध्ये त्याने 'ऱ्हाइनिश त्साइटुंग' या वर्तमानपत्रात मोझेलच्या शेतकऱ्यांच्या हलाखीवर लिहिले. त्याचा मुद्दा आम्ही आमच्या शब्दांत सांगतो: अधिकाऱ्याला वाटते कारभार उत्तम आहे, मग प्रजा हलाखीत असेल तर दोष प्रजेचा किंवा निसर्गाचा, कारभाराचा कसा असेल? ठरवलेले सगळे भाग छापून होण्याआधीच सरकारने वर्तमानपत्रावर बंदीचा हुकूम काढला आणि मार्चअखेर ते बंद पडले. पुढे जगभरच्या कामगारांनी ज्याचे नाव घेतले त्याने १८५९ साली स्वतःच लिहून ठेवले आहे की अर्थशास्त्राकडे आपल्याला वळवले ते ज्या प्रश्नांनी, त्यांत मोझेलच्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता. त्याची पुढची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. पण निदान पहिला धडा त्याने शेतकऱ्याच्या बांधावर गिरवला, हे त्याच्या चेल्यांनी विसरू नये.

दगडाचे सोने आणि सोन्याचा दगड

पन्नास वर्षे गेली. रेल्वे आली, परदेशी गिऱ्हाईक आले, मोझेलच्या वाइनला नाव मिळाले. बेर्नकास्टेल गावाच्या माथ्यावर 'डॉक्टर' नावाचा लहानसा मळा आहे. त्यातला मोठा हिस्सा १९०० साली एका व्यापारी घराण्याने वेलामागे १०० सोन्याचे मार्क असा भाव देऊन घेतला. एकराचा भाव नव्हे, एका वेलाचा! आणि गंमत बघा. ज्या सरकारने तुमचे दोष तुमचेच म्हणून हात झटकले होते, त्याच प्रशियाच्या सरकारने १८९६ पासून ट्रियरजवळच्या उतारांवरची झुडपे तोडून स्वतःच्या मालकीचे द्राक्षमळे लावले.

जमीन बदलली होती काय? दगड तोच, चढण तीच. बदलला तो बाजार. अर्थात सोने सगळ्यांच्या घरी गेले नाही. ज्यांच्याकडे नावाचा मळा आणि स्वतःचे तळघर होते त्यांनी लिलावात भाव घेतला. लहान शेतकऱ्याचा माल पिंपाने व्यापाऱ्याच्या तळघरात गेला, व्यापारी देईल त्या भावाने.

पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा तेच चक्र फिरले. वाइनवर कर बसला, स्पेनशी व्यापार करार होऊन तिकडची स्वस्त वाइन आली, आणि माल तळघरात पडून राहिला. २५ फेब्रुवारी १९२६ रोजी बेर्नकास्टेलमध्ये जमलेले हजारो शेतकरी सभेनंतर थेट कर कचेरीवर चालून गेले. दप्तरे खिडकीतून रस्त्यावर आली आणि त्यांची होळी झाली. जाळपोळ हा आमचा मार्ग नाही आणि आम्ही तो कुणाला शिकवत नाही. काहींवर खटलेही झाले. पण पुढचे लक्षात ठेवा: जो कर रद्द करणे अशक्य होते तो १ एप्रिल १९२६ पासून, म्हणजे पाच आठवड्यांत, रद्द झाला. अर्जांनी जे झाले नाही ते एका दिवसाच्या संतापाने झाले. शहाणे सरकार अर्ज वाचते. दुसऱ्या प्रकारच्या सरकारला धूर दिसावा लागतो.

नावाची चोरी

आता शेवटचा आणि सगळ्यात सभ्य दरोडा. हा कायद्याने घातला.

१९७१ साली पश्चिम जर्मनीने वाइनचा नवा कायदा केला. मालाची प्रत ठरवायची ती मुख्यतः द्राक्षाच्या रसात साखर किती यावर. मळा उभ्या दगडी उतारावरचा की नदीकाठच्या बटाट्याच्या रानातला, हे गौण. दुसरे असे की अनेक गावांचे मळे एकत्र करून त्यांना मोठी समूहनावे देण्यात आली. 'पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन' हा पीसपोर्टचा नावाजलेला उभा डोंगर. 'पीसपोर्टर मिशेल्सबर्ग' हे मात्र आसपासच्या अनेक गावांना लागू होणारे समूहनाव, सपाट रानासकट. बाटलीवर दोन्हीकडे पीसपोर्ट. गिऱ्हाइकाला फरक कळणार कसा?

सपाट रानात म्युलर-थुर्गाऊ ही लवकर पिकणारी, भरघोस उतारा देणारी जात लावायची, यंत्राने तोडायची, नाव डोंगराचे लावायचे आणि स्वस्तात परदेशी विकायची. हा धंदा जोरात चालला. पाठीवर दगड वाहणाऱ्याने पिढ्यानपिढ्या कमावलेले नाव यंत्रवाल्याने फुकट वापरले. शेवटी जगात मोझेल म्हणजे स्वस्त गोड पाणी अशी ख्याती झाली, आणि भाव पडला तो दोघांचाही. पण सपाटवाल्याचा खर्च थोडा, तो तगला. डोंगरवाल्याला सपाट रानाच्या कित्येक पट मजुरी लागते, तो बुडाला.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या खोऱ्यात १२ हजार हेक्टरांहून अधिक द्राक्ष होते. आता ते साडेआठ हजारांच्या आसपास आहे. काल्मोंटचाही मोठा भाग मध्यंतरी पडीक पडला. अलीकडे काही जणांनी हिमतीने त्यातले थोडे मळे पुन्हा उभे केले आहेत. पन्नास वर्षांनी, २०२१ साली, कायदा बदलला. जागा जितकी नेमकी तितकी प्रत वरची, हे तत्त्व आता तिथे मान्य झाले. चूक मान्य व्हायला अर्धे शतक लागले. तोवर ज्यांचे मळे काटेरी झुडपांनी गिळले, त्यांना कोण भरपाई देणार?

कुणी म्हणेल, ते श्रीमंत देश, त्यांना अनुदान मिळते. होय, उभ्या उतारावरच्या शेतीला तिथे सरकार पैसे देते. तरीही मळे पडीक पडतातच. अनुदान हे जखमेवरची पट्टी आहे. भाव हे रक्त आहे. पट्टी बांधली म्हणून अंगातून गेलेले रक्त परत येत नाही.

आणखी कुणी म्हणेल, सहकार करावा. केला त्यांनी. मोझेलच्या उत्तरेला आर नदीच्या खोऱ्यात मायशॉस गावच्या द्राक्षवाल्यांनी १८६८ सालीच सहकारी संस्था काढली. ऱ्हाइनपलीकडच्या राइफायझेन या माणसाने खेड्यांत पतसंस्था उभ्या केल्या. त्याच नमुन्याचा अभ्यास होऊन हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. फरक एवढाच की तिकडे गरजेपोटी खालून संस्था उगवली आणि इकडे कायद्याचे रोप वरून लावले गेले. दोन्हींची मुळे किती खोल गेली ते आपल्याला गावात दिसतेच आहे.

मागच्या रांगेतल्या भावाला

तेव्हा मागच्या रांगेत बसून उसासा टाकणाऱ्या भावा, हा हिशेब नीट बघ. १८२० मध्ये मोझेलचा शेतकरी सुखात, १८४० मध्ये लिलावात. १९०० मध्ये एका वेलाला १०० सोन्याचे मार्क, १९२६ मध्ये कर भरायला पैसा नाही. दीडशे वर्षांत डोंगर एक वीतही हलला नाही. चांगली-वाईट वर्षे निसर्गाने आणली, हे खरे. पण ती त्याने हजार वर्षे आणली आहेत आणि शेतकरी ती सोसून उभा राहिला आहे. त्याला आडवा पाडला तो जकातीने, कराने, व्यापार कराराने आणि बाटलीवरच्या खोट्या नावाने. यातले एकही आभाळातून पडत नाही. सगळे कचेरीत, कागदावर, माणसाच्या हाताने होते.

यापुढे कुणी साहेब गावात येऊन तुमच्या जमिनीचे दोष सांगू लागला, तर त्याला खाली बसवा, पाणी द्या आणि विचारा: साहेब, गेल्या वर्षी भाव पडला तेव्हा जमीन बदलली होती काय? जकात कुणी बदलली? करार कुणी केला? आणि आमच्या अर्जाची तपासणी कुणाकडे दिली?

उत्तर मिळेपर्यंत त्याला उठू देऊ नका.